कपाटातलं ते पत्र

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'झालं गेलं विसरून जा, पॉझिटिव्ह विचार करा' हा सल्ला पुरवण्यांमधून आणि घरच्यांकडूनही इतक्यांदा ऐकलाय की आज त्यावर मनापासून लिहावंसं वाटलं. विसर म्हटल्याने विसरता येत नाही हो. 1987 मध्ये डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने काही लोकांना सांगितलं की पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि आलाच तर घंटी वाजवा. घंटी वाजतच राहिली, आणि नंतर विचार करायची मोकळीक दिल्यावर तर ज्यांनी आधी तो दाबून धरला होता त्यांनाच ते अस्वल जास्त आठवलं.

माझ्या बाबतीत असंच एका पत्राचं झालं. 1998 मध्ये मला अनुवादकाची नोकरी मिळाली होती, घर सोडून लांब जावं लागणार होतं, मी 'नाही' असं कळवलं. पत्र मात्र फेकलं नाही. दरवर्षी कपाट आवरताना ते हाताला लागायचं, घडीवर फाटत आलेलं, आणि मग दोन-चार दिवस कशातच लक्ष लागायचं नाही, तेव्हा हो म्हटलं असतं तर, हो म्हटलं असतं तर, एवढंच डोक्यात, घरच्यांवर चिडचिड व्हायची आणि त्यांना बिचाऱ्यांना कारणही माहीत नसायचं.

यंदा पहिल्यांदाच त्या पत्रावरची तारीख नीट बघितली. तेव्हा मुलगी चार महिन्यांची होती, आईचं ऑपरेशन होऊन आठवडाच झाला होता आणि नोकरीही फक्त सहा महिन्यांच्या बोलीवर होती, पुढचं काही लेखी नव्हतं. हे सगळं मी चक्क विसरले होते! पत्र उलटं केलं आणि त्या दिवशी मला काय काय माहीत होतं ते मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलने लिहून काढलं. आठ ओळी झाल्या. आई महिन्याभरात हिंडू-फिरू लागेल हे त्यात कुठेच नव्हतं, ते तर नंतर कळलं, आणि नंतर कळलेल्या गोष्टींवरून मी त्या वेळच्या मला इतकी वर्षं दोषी धरत होते.

असं सगळ्यांचंच होतं. 1972 मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन चीन आणि सोव्हिएत युनियनच्या दौऱ्यावर जायच्या आधी बारूख फिशहॉफ आणि रूथ बेथ या संशोधकांनी विद्यार्थ्यांकडून अंदाज घेतले होते की तिथे काय काय होईल. दौरे झाल्यावर त्यांना आपलेच अंदाज आठवायला सांगितले, तर जे घडलं ते आपण आधीच ओळखलं होतं असं त्यांना वाटायला लागलं होतं. 'मला तेव्हाच कळायला हवं होतं' म्हणताना आपण हेच करतो.

अर्थात काही वेळा चूक खरंच आपली असते. तिथे जाऊन माफी मागावी, भरपाई करता येत असेल तर करावी. आणि पश्चात्तापाने झोप उडाली असेल, रोजची कामं होत नसतील तर समुपदेशकाकडे जायला लाजू नये.

आशेबद्दलही एक सांगायचंय. सी. आर. स्नायडर या मानसशास्त्रज्ञाने आशेचा बराच अभ्यास केला. त्यांच्या मते सगळं छान होईल असं नुसतं वाटणं म्हणजे आशा नाही, आपल्याला काय हवंय ते ठरलेलं हवं, तिथे जायच्या वाटा दिसायला हव्यात, आणि आपण त्या वाटेने जाऊ शकतो असं आतून वाटायला हवं. मी पत्राकडे पुन्हा बघितलं. ती नोकरी गेली, ती परत येणार नाही, त्याचं अजून वाईट वाटतं. पण मला हवा होता तो अनुवाद, आणि त्याला नोकरीच लागते असं थोडंच आहे?

म्हणून लहान मुलांसाठीचं विज्ञानाचं एक जुनं पुस्तक घेतलंय, छापून येईल न येईल माहीत नाही, रोज रात्री जमेल तेवढं मराठीत उतरवते. पहिल्या पानाला तीन रात्री लागल्या. सध्या एकतिसाव्या पानावर आहे, बी रुजताना आधी मूळ बाहेर येतं ते वर्णन आहे तिथे, आणि सात-आठ वर्षांच्या मुलाला कळेल असं एक वाक्य कालपासून जुळवतेय.

आपली,
एक वाचक