परिषद तीन दिवसांची, काम पुढच्या आठवड्याचे

मा. संपादक,

आंबेडकरी चळवळीतले प्राध्यापक परदेशी परिषदेला निघाले की हार घातलेला फोटो छापून येतो, परतले की सत्काराचा. मधल्या दिवसांत काय घडले ते कुणी विचारत नाही, त्यामुळे ‘परदेशवारी’ हा टोमणा सहज चिकटतो. प्रत्यक्षात परिषद हा या प्रवासाचा सोपा भाग असतो. अवघड आणि जास्त मोलाचा भाग म्हणजे तिला जोडून तिथल्या वस्त्यांत, मंडळांत, शाळांत घालवलेले दिवस. नेमके तेच दिवस कागदपत्रांच्या घोळात बुडतात.

ही पद्धत नवी नाही. १९५० साली बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी सिलोनला (आताच्या श्रीलंकेत) गेले, तेव्हा परिषद आटोपून परतले नाहीत. कोलंबोच्या टाउन हॉलमध्ये तिथल्या अस्पृश्यांपुढे बोलले. २००१ च्या डर्बन वंशवादविरोधी परिषदेत भारत सरकारच्या विरोधामुळे जातीचा उल्लेख अंतिम जाहीरनाम्यात आला नाही. पण सभागृहाबाहेर, स्वयंसेवी संस्थांच्या मेळाव्यात दलित कार्यकर्त्यांनी जगभरच्या लोकांशी जे बोलणे केले ते वाया गेले नाही. पुढच्याच वर्षी वंशभेद निर्मूलनाच्या संयुक्त राष्ट्र समितीने जन्माधारित भेदभावावरची आपली २९ वी सर्वसाधारण शिफारस काढली आणि तीत जातीचा स्पष्ट उल्लेख केला.

आता व्यवहाराचे. समजा जिनिव्हात तीन दिवसांची परिषद आहे, तिथून हंगेरीत शायोकाझा येथे रोमा (‘जिप्सी’ म्हणून हिणवल्या जाणाऱ्या समाजाच्या) मुलांसाठी चालणाऱ्या, डॉ. आंबेडकरांचे नाव दिलेल्या शाळेत सहा दिवस आणि शेवटी ब्रिटनमध्ये साउथॉल व वुल्व्हरहॅम्प्टन. पहिली चूक इथेच होते. निमंत्रण जिनिव्हाचे म्हणून अर्ज स्वित्झर्लंडकडे जातो. शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बहुतेक देशांत चालणारा एकच सामाईक व्हिसा) सर्वसाधारणपणे ज्या देशात मुक्काम जास्त दिवसांचा, त्याच्याकडे अर्ज करायचा असतो. इथे तो हंगेरी. दिवस सारखेच असतील तर जिथे आधी पाऊल ठेवणार तो देश. दुसरी चूक, एकाच प्रवेशाचा व्हिसा घेऊन मध्येच लंडनला जाणे. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही. जिनिव्हा–लंडन–बुडापेस्ट असा क्रम लावला तर परत आत येता येत नाही. ब्रिटन शेवटी ठेवावे किंवा बहुप्रवेश व्हिसा मागावा.

तिसरी अडचण पासपोर्टची. तो एकच असतो आणि अर्ज प्रक्रियेत असेपर्यंत व्हिसा केंद्राकडे राहतो. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, ब्रिटनचा तीन महिने आधीपासून. म्हणून शेंगेन आधी, ब्रिटन नंतर. शेंगेनला नियमाने १५ दिवस, पण चौकशी वाढली तर ४५. ब्रिटनला साधारण तीन आठवडे. म्हणजे चार महिने आधी हालचाल हवी. परिषदेचा निबंध स्वीकारल्याचे पत्र यायची वाट पाहत बसणारे इथेच मागे पडतात. आयोजकांना लिहून व्हिसापुरते पत्र आधी मागवता येते, आणि बहुतेक आयोजक ते देतात. शेंगेनसाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, तो मुक्कामाच्या सगळ्या दिवसांचा हवा, फक्त परिषदेच्या तारखांचा नव्हे.

निमंत्रणपत्रे दोन हवीत: परिषदेचे आणि मंडळाचे किंवा शाळेचे. मंडळाच्या पत्रात पासपोर्टवर आहे तसेच नाव (पुढे ‘प्रा. डॉ.’ नको, वडिलांचे नाव गाळलेले नको), तारखा, राहण्याचा पत्ता आणि खर्च कोण करणार, एवढे असावे. अर्जात फक्त परिषद लिहायची आणि पिशवीत चार व्याख्यानांची भित्तिपत्रके न्यायची, हा प्रकार विमानतळावरच्या अधिकाऱ्यासमोर महागात पडतो. खरे तेच लिहिले तर लपवण्यासारखे काहीच उरत नाही.

नोकरीच्या ठिकाणची परवानगी ही वेगळीच वाट. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांप्रमाणे वर्षाला ३० दिवसांपर्यंत कर्तव्य रजा मिळू शकते, पण ती परिषदेसाठी. वस्तीतल्या दिवसांसाठी अर्जित रजा वेगळी मांडावी. एकाच अर्जात दोन्ही कोंबले की फाईल अडते. सरकारी नोकर आणि सरकारी मालकीच्या वा नियंत्रणाखालच्या संस्थांतले कर्मचारी यांना परक्या संस्थेने तिकीट किंवा मुक्काम दिला, तर परकीय योगदान नियमन कायद्याच्या कलम ६ खाली केंद्राची पूर्वपरवानगी लागते. ‘एफसी-२’ हा ऑनलाइन अर्ज निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी भरायचा. सरकारी महाविद्यालयांतल्या अनेकांना हे कलम ठाऊकच नसते, आणि नंतर कुणी तक्रार केली की तेच अंगावर येते.

मानधनाचे नियम देशागणिक बदलतात. अमेरिकेच्या बी-१ (कामानिमित्तच्या अल्प भेटीच्या) व्हिसावर विद्यापीठ मानधन देऊ शकते, पण एका संस्थेत जास्तीत जास्त ९ दिवस आणि सहा महिन्यांत ५ पेक्षा जास्त संस्थांकडून नाही. ब्रिटनमध्ये प्रवास-मुक्कामाचा वाजवी खर्च घेता येतो. व्याख्यानाची फी हवी असेल तर तो कार्यक्रम आधी ठरलेला, अर्जात नमूद केलेला आणि पोहोचल्यापासून ३० दिवसांत होणारा असावा लागतो. सभेनंतर हातात ठेवलेले पाकीट यात बसत नाही. नम्रपणे परत करावे.

जिनिव्हाबद्दल एक भाबडी समजूत आहे की तिथल्या संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेत कुणीही उठून बोलू शकतो. बोलायला संयुक्त राष्ट्रांच्याच आर्थिक व सामाजिक परिषदेचा सल्लागार दर्जा असलेल्या संस्थेमार्फत नाव जावे लागते आणि मिळतात जेमतेम ९० सेकंद. जातिभेदावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय दलित सॉलिडॅरिटी नेटवर्कचा या दर्जासाठीचा अर्ज दशकाहून अधिक काळ रखडला, दर्जा मिळाला २०२२ मध्ये. त्या दीड मिनिटासाठी एवढा प्रवास करण्यात अर्थ नाही. त्याच आठवड्यात बाजूच्या खोल्यांत होणारे तासाभराचे कार्यक्रम आणि प्रतिनिधींशी आधी वेळ ठरवून घेतलेल्या भेटी, यातूनच काही हाती लागते.

वस्तीतल्या कार्यक्रमांचे गणित निराळे. शायोकाझाला भाषणाचे हंगेरियनमध्ये भाषांतर करावे लागते, म्हणजे २० मिनिटांचे ४० होतात. मजकूर निम्मा करावा आणि दुभाष्याला दोन दिवस आधी पाठवावा. साउथॉल-वुल्व्हरहॅम्प्टनकडचे आंबेडकरी आणि रविदासिया (संत रविदासांचे अनुयायी) लोक मुख्यतः पंजाबी आहेत. तिथे विद्यापीठी इंग्रजी निबंध वाचला तर मागच्या रांगा लंगरकडे वळतात, हिंदीत बोलावे. कार्यक्रम रविवारी असतात, म्हणून परतीचे तिकीट शनिवारचे काढू नये. हे सांगायची गरज पडते, याचे नवल वाटते.

अमेरिकेत काळजी आणखी वेगळी. सिअ‍ॅटल शहराने २०२३ मध्ये जातिभेदावर बंदी घातली, पण कॅलिफोर्नियातल्या तशाच विधेयकावर त्याच वर्षी गव्हर्नरने नकाराधिकार वापरला. तिथे घरगुती बैठकीला येणारे अनेक तरुण नोकरीशी बांधलेल्या एच-१बी व्हिसावर असतात. नोकरी गेली तर त्यांना दुसरी शोधायला साधारण ६० दिवस मिळतात. वरिष्ठांना आपली जात कळू नये असे त्यांतल्या काहींना वाटते. अशा बैठकीचे थेट प्रक्षेपण करणे, फोटोत नावे लावणे हा पाहुण्यांचा निव्वळ बेजबाबदारपणा आहे. आपल्या दैनिकानेही असे फोटो आले तर छापू नयेत.

शेवटी पैशांचे. सभेत कुणी उठून गावाकडच्या वाचनालयासाठी वर्गणी जाहीर करतो आणि टाळ्या पडतात. देणारा भारतीय पासपोर्टवर असेल आणि स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत पाठवत असेल, तर ती परकीय देणगी ठरत नाही. त्याने ब्रिटिश किंवा अमेरिकन नागरिकत्व घेतले असेल, ओसीआय (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशीयांचे) कार्ड असले तरी, ती परकीयच. मग संस्थेची परकीय योगदान कायद्याखालची नोंदणी (किंवा त्या रकमेपुरती पूर्वपरवानगी) हवी आणि रक्कम दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यायला हवी. २०२० पासून ती दुसऱ्या संस्थेकडे वळवताही येत नाही, त्यामुळे ‘ओळखीच्या नोंदणीकृत संस्थेतून घेऊ’ ही वाट बंद आहे. सभेत डबा फिरण्याआधीच आयोजकांना हे सांगून ठेवावे आणि देणगीदारांच्या यादीत पासपोर्टचा रकाना ठेवावा.

– एक निवृत्त प्राध्यापक, पुणे