पाच फुटांच्या संघाकडून माइक डी'अँटोनी यांना

आदरणीय डी'अँटोनी सर,

सांगली जिल्ह्यातल्या एका शाळेत मी मुलींना बास्केटबॉल शिकवते. आपली कधी भेट झालेली नाही आणि हे पत्र तुमच्यापर्यंत पोहोचेल असंही नाही. पण तुमचे आभार मानायचे राहून गेलेत, आणि ते माझ्या मुलींनीही वाचावेत, म्हणून जाहीर लिहितेय.

माझी उंची पाच फूट दोन इंच. आमच्या वेळी निवड चाचणीला गेलं की आधी भिंतीला उभं करून उंची मोजायचे, चेंडू हातात मिळायचा नंतर. दोनदा मी त्या भिंतीपासूनच घरी आले. हा खेळ आपल्यासारख्यांचा नाही, हे तेव्हा मनात पक्कं बसलं.

मग 2005 मध्ये एका सकाळी टीव्हीवर तुम्ही शिकवत असलेला फीनिक्स सन्स हा संघ पाहिला, अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक लीगमधला. रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या शॉटचा चेंडू, हातात आला की समोरचे वळेपर्यंत चेंडू पुढे नेणाऱ्या तुमच्या गार्डनं, स्टीव्ह नॅशनं, अर्धं मैदान ओलांडलेलं असायचं. शॉट मारायला नियमानं चोवीस सेकंद मिळत असताना तुम्हाला पहिल्या सातातच तो हवा असायचा. शॉन मॅरियनसारख्या चपळ खेळाडूला तुम्ही धिप्पाड माणसाच्या जागी उभं केलं होतं. आदल्या वर्षी 82 पैकी 53 सामने हरलेला तो संघ त्या मोसमात 62 जिंकला. मी चहा हातात धरून बसले होते, तो तसाच गार झाला.

हा माणूस आला कुठून, ते मग शोधत गेले. वेस्ट व्हर्जिनियातलं मलेन्स गाव, मार्शल विद्यापीठाचा गार्ड, 1973 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीए संघांच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत, नाव. पण अमेरिकेत जम बसला नाही आणि 1977 मध्ये तुम्ही इटलीतल्या मिलानच्या क्लबकडे गेलात. तिथे तेरा वर्षं खेळलात, 1987 आणि 1988 चे युरोपियन कप जिंकलात, इटलीच्या राष्ट्रीय संघातूनही उतरलात. 1990 मध्ये खेळणं थांबवलंत आणि त्याच क्लबचे प्रशिक्षक झालात. इटलीत वाढणारा छोटा कोबी ब्रायंट, पुढचा एनबीएचा तारा, तेव्हा तुमचा खेळ पाहायचा, पुढे लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघात तुम्हीच त्याला शिकवलंत. कोण कुठून बघत असतं, खेळणाऱ्याला काय ठाऊक!

मला सगळ्यात जवळचं वाटतं ते तुमचं डेन्व्हर संघासोबतचं वर्ष, फीनिक्सच्या आधीचं. एनबीएत मुख्य प्रशिक्षक म्हणून पहिलीच संधी, आणि 14 विजय, 36 पराभव. तुम्ही पुन्हा इटलीला गेलात, 2002 मध्ये तिथल्या ट्रेव्हिझो संघाला विजेतेपद मिळवून दिलंत, मग फीनिक्स. माझ्या पहिल्या वर्षी आम्ही तालुक्यालाच 41-6 असे हरलो होतो. राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवला होता. तो दिला नाही, त्याला तुमचं डेन्व्हर कारण आहे.

मुख्य प्रशिक्षक म्हणून तुम्हाला एनबीएचं विजेतेपद मिळालं नाही, हे लोक अजून काढतात. मला तो हिशेब पटत नाही. आज जगभरचे संघ मैदान मोकळं ठेवून, पळत, लांबून शॉट मारतात. त्यात तुमचा वाटा केवढा आहे, हे पाहणाऱ्याला दिसतं.

आमचं कोर्ट सिमेंटचं आहे. रेषा पुसल्या की आम्ही फक्की मारतो. ते सेकंद दाखवणारं घड्याळ, शॉट क्लॉक, नाही, म्हणून मी स्टॉपवॉच घेऊन कडेला उभी राहते आणि मोठ्यानं मोजते, एक ते सात. आठवीतली आमची पॉइंट गार्ड, म्हणजे खेळ चालवणारी, संघात सगळ्यात लहान. चेंडू हातात येण्याआधीच तिची मान वळून कोण मोकळं आहे ते बघते. हे मी शिकवलेलं नाही.

गेल्या जिल्हा स्पर्धेत समोरची सेंटर जवळजवळ सहा फुटी होती. पहिल्या हाफमध्ये तिनं आम्हाला बोर्डाखाली फिरकू दिलं नाही. दुसऱ्या हाफमध्ये ती परत येईपर्यंत आमची बास्केट झालेली असायची. तिसऱ्यांदा तसं झालं तेव्हा ती गुडघ्यांवर हात टेकून वाकली आणि आमच्या बाकावरच्या मुली उठून उभ्या राहिल्या.

चार गुणांनी हरलो आम्ही. परतीच्या एसटीत मी गप्प बसले होते. मागच्या सीटवरून ती छोटी पुढे आली आणि म्हणाली, "मॅडम, सातच्या ऐवजी पाचपर्यंत मोजाल का उद्यापासून?"

सर, मनापासून आभार. दुसऱ्या दिवसापासून पाचपर्यंत मोजतेय.

तुमची कृतज्ञ,
एक पीटी टीचर