ताटात वरणच नाही: साउंडवाल्या काकांना उघडं पत्र

तीर्थस्वरूप काका,
साष्टांग नमस्कार.

पत्र पोस्टाने पाठवलं असतं तर तुम्ही 'चष्मा सापडला की बघू' म्हणून ते टेबलाच्या खणात टाकलं असतंत, जिथे फ्यूजच्या तारा आणि २००१ सालची बिलं आहेत. म्हणून हे उघडं लिहितोय. तुमचा पुतण्या मोबाइलवर वाचून दाखवेल. दुसरं कारण जरा लाजिरवाणं आहे. मेटॅलिका या हेवी मेटल वाजवणाऱ्या अमेरिकी बँडच्या '...अँड जस्टिस फॉर ऑल' या अल्बमवर बेस गिटार का ऐकू येत नाही, यावरून गेली वीस वर्षं मी लोकांशी भांडतोय, आणि त्या भांडणातला माझा सगळ्यात बिनतोड मुद्दा मुळात तुमचा आहे. तो मी आजवर स्वतःचा म्हणून खपवत आलो. ते एकदा चारचौघांत कबूल करायचं होतं.

२००४ सालचं गॅदरिंग तुम्हाला आठवणार नाही. तुम्ही त्या हंगामात अशी तीसेक गॅदरिंग केली असतील. आमचं सांगलीतलं कॉलेज, चार पोरांचा बँड, आणि आम्ही मेटॅलिकाचं 'वन' वाजवायला घेतलेलं. मी बेसवर. वाजवून खाली उतरलो तर वर्गातला एक जण म्हणाला, "तू नुसता उभा का होतास रे?" माझं डोकंच फिरलं. मी थेट तुमच्याकडे आलो. तुम्ही केबल गोळा करत होता (केबल कोपरावर गुंडाळणाऱ्या पोरांना तुम्ही काय शिव्या द्यायचात!) आणि मी सरळ आरोप केला की तुम्ही माझा आवाज बंद ठेवला होता.

तुम्ही चिडला नाहीत. मिक्सरवरच्या फेडरकडे, म्हणजे आवाज वर-खाली करणाऱ्या सरकत्या बटणाकडे, बोट दाखवलंत. "फेडर बघ. वरच हाय. तुझा आवाज गिटारच्या पोटात गेलाय, त्याला मी काय करू?"

मग विचारलंत की असला आवाज लावायला कुणी शिकवलं. मिडचं (मधल्या सुरांच्या पट्ट्याचं) बटण पार शून्यावर, वर प्लॅस्टिकच्या पिकाने (तार छेडायच्या चकतीने) खरडायचं, आणि गिटार जे वाजवेल तेच नोटेला नोट लावून वाजवायचं. मी अभिमानाने सांगितलं की '...अँड जस्टिस फॉर ऑल' या अल्बमवर मेटॅलिकाचा बेसवाला जेसन न्यूस्टेड असाच वाजवतो. तुम्ही म्हणालात, "त्याचा तरी ऐकू येतो का?"

काका, तो अल्बम मी तोवर शेकडो वेळा ऐकला होता. नऊ गाणी, पासष्ट मिनिटं, कुठे कोणता ठोका पडतो ते झोपेत सांगितलं असतं. आणि तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

रविवारी गोडाऊनवर बोलावलंत. रचून ठेवलेले कर्णे, अहुजाचे अँप्लिफायर, गणपतीनंतर तसेच पडलेले बॉक्स, आणि कोपऱ्यात नाटकाचे माइक मऊ फडक्यात बाळासारखे गुंडाळलेले. तुम्ही पंधरा इंची स्पीकरची एक जोडी लावलीत आणि माझी एमपीथ्रीची सीडी घातलीत. दोन मिनिटांत म्हणालात, "कॉपी पातळ असंल, ओरिजिनल आण." मी पुण्याच्या मित्राकडून ओरिजिनल मागवली, त्यात दोन आठवडे गेले. पुढच्या वेळी तुम्ही आधी डोळे मिटून पहिलं गाणं 'ब्लॅकंड' ऐकलंत, मांडीवर ताल धरलात, दोनदा सम हुकली, तिसऱ्यांदा धरलीत आणि खुदकन हसलात. "पोरं हुशार हायत. मात्रा मधीच कापत्यात." ही माझ्या आवडत्या बँडला मिळालेली सर्वोच्च पावती होती असं मला अजून वाटतं.

मग तुम्ही तो निकाल दिलात: "ताट भरलेलं हाय. भाजी झणझणीत, पापड कुरकुरीत. पण वरणच वाढलं न्हाई."

मी लगेच वकिली सुरू केली. तेव्हा माझ्याकडे जी गोष्ट होती ती जगभरातल्या चाहत्यांकडेही आहे, आणि ती ऐकायला फार सुंदर आहे. २७ सप्टेंबर १९८६ रोजी स्वीडनमध्ये बँडची बस उलटली आणि आधीचा बेसवाला क्लिफ बर्टन गेला. वय २४. त्याच्या जागी न्यूस्टेड आला आणि १९८८ मध्ये हा अल्बम निघाला. म्हणून, मी म्हणालो, बेसची ती पोकळी म्हणजे क्लिफसाठी धरलेलं सुतक आहे. शिवाय अल्बमचे विषय बघा: पृथ्वीचा नाश, विकली गेलेली न्यायालयं, बोलण्यावरची बंदी, आणि हातपाय, डोळे, कान सगळं गमावून नुसत्या जाणिवेवर जगणारा सैनिक. असा अल्बम थंडच हवा, कोरडाच हवा.

तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "कोरडं येगळं. रिकामं येगळं."

या अल्बमवर मी पुढे जे काही वाचलं, ते या चार शब्दांपलीकडे फारसं गेलेलं नाही. गिटार कोरडी, करवतीसारखी. ड्रमचा ठोका टाचणीसारखा टोचणारा. त्यात प्रतिध्वनी जवळजवळ नाही. हे सगळं त्या गाण्यांना शोभतं, आणि ते हेतुपुरस्सर केलंय हेही कळतं. पण बेस नसणं हा त्या कोरडेपणाचा भाग नाही. ते वेगळंच काहीतरी घडलंय. तुम्ही त्याची दोन कारणं सांगितलीत. मी त्यातलं एकच ऐकलं, कारण ते माझ्यावर होतं.

पहिलं कारण: बेसची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झवर बोलते, गिटारची ८२ वर. बरोबर एक सप्तक वर. दोघांनी तोच रिफ (परत परत येणारा सुरांचा तुकडा) त्याच क्षणी, तशाच धारदार आवाजात वाजवला तर कान त्याला एकच वाद्य समजतो. त्यात गिटारवाल्याने मधला पट्टा कापून खालचा फुगवलेला. म्हणजे बेसची जागा त्यानेच व्यापलेली. तुम्ही याला उदाहरण दिलंत संगीत नाटकाचं. ऑर्गनवाला गायकाच्या मागोमाग तेच सूर धरतो, पण त्याचा पोत निराळा असतो आणि तो श्वासाएवढा मागे राहतो, म्हणून दोघंही ऐकू येतात. "तू मागं राहत न्हाईस आणि तुझा पोतही त्योच. मग तू दिसणार कसा?" त्या दिवशी तुम्ही माझ्या बेसचं मिड वर केलंत, पिक काढून घेतलंत, आणि ठोक्याच्या केसभर मागे वाजवायला लावलंत. बोटांना फोड आले. पण पहिल्यांदा मी मला ऐकू आलो.

दुसरं कारण तुम्ही जाता जाता सांगितलंत. "त्येवढ्यानं बी इतका न्हाई जात. कुणीतरी हातानं खाली घेतलाय." मी म्हटलं, एवढा मोठा बँड असं कशाला करेल? तुम्ही खांदे उडवलेत. "मोठ्या माणसांचीच लग्नं मी जास्त केल्यात."

आता ऐका. २०१५ मध्ये त्या अल्बमचं मिक्सिंग (सगळ्या वाद्यांचे आवाज जुळवणं) करणाऱ्यांपैकी स्टीव्ह थॉम्पसन यांनी मुलाखतीत सांगितलं की ड्रमर लार्स उलरिकने बेस जेमतेम ऐकू येईल इतका खाली घ्यायला लावला, आणि मग म्हणाला, अजून थोडा खाली. निर्माते फ्लेमिंग रासमुसेन मिक्सिंगला नव्हते. टेपवरचं न्यूस्टेडचं वादन उत्तम होतं असं ते सांगत आलेत. न्यूस्टेडने आपला भाग वाजवला तेव्हा सोबत निर्माताही नव्हता, फक्त सहायक इंजिनिअर. आणि मिक्सिंग चालू असताना लार्स आणि गायक-गिटारिस्ट जेम्स हेटफिल्ड अमेरिकाभर दौरा करत होते, मधल्या सुटीत विमानाने यायचे, स्टेजच्या आवाजाने कान गेलेले. तुम्हीच म्हणायचात ना, दिवसभर ढोलताशाजवळ उभं राहिलेल्या माणसाला संध्याकाळी मिक्सरला हात लावू देऊ नये!

ती मुलाखत वाचली तेव्हा मी ऑफिसात होतो. उठून बाहेर गेलो आणि पाच मिनिटं एकटाच हसत उभा राहिलो. मुंबई-पुण्यापलीकडे कधी न गेलेल्या, मेटल हा शब्द भांड्यांसाठी वापरणाऱ्या माणसाने सांगलीतल्या गोडाऊनमध्ये बसून अकरा वर्षं आधी ते ओळखलं होतं.

सुतकाची गोष्ट मी त्यानंतर सोडली. खरं म्हणजे ती आधीच सोडायला हवी होती, कारण पुरावा माझ्याच सीडीत होता. १९८७ मध्ये, म्हणजे क्लिफला जाऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा, याच चौघांनी 'गराज डेज' नावाची छोटी रेकॉर्ड काढली होती. तिच्यात न्यूस्टेडचा बेस ढणढणीत ऐकू येतो. तुम्ही ती लावल्यावर म्हणाला होतात, "हा बघ, जेवलेला माणूस."

मग अल्बमची एवढी कीर्ती आहे ती खरी की पोकळ? लोक मला हेच विचारतात. थ्रॅश मेटल या वेगवान मेटलच्या याद्यांमध्ये तो वरच असतो, एकट्या अमेरिकेत ८० लाखांवर प्रती गेल्या. दोन्हीकडचे कडवे लोक मला कंटाळवाणे वाटतात. एक गट म्हणतो बेस नाही म्हणून कचरा. दुसरा म्हणतो बेस नाही म्हणूनच महान. माझं मत असं आहे की कीर्ती रचनेची आहे आणि ती पूर्ण कमावलेली आहे. 'वन' हे साडेसात मिनिटांत कुजबुजीपासून मशीनगनपर्यंत जातं आणि मध्ये एकही पायरी गाळत नाही. 'ब्लॅकंड'ची सुरुवात उलट्या फिरवलेल्या गिटारींनी होते, आणि गाणं सुरू झालं की समेची वाट बघणाऱ्या श्रोत्याला ते तीनदा तोंडघशी पाडतं. आणि हो, 'ब्लॅकंड' रचण्यात न्यूस्टेडचं नाव आहे. ज्याचा आवाज पुसला त्याच्याच सुरावटीने अल्बम उघडतो. शेवटून दुसरं 'टू लिव्ह इज टू डाय' जवळजवळ दहा मिनिटांचं, त्यात क्लिफने मागे ठेवलेले रिफ आहेत. सुतक शोधायचंच असेल तर ते तिथे आहे, उघड्यावर.

पण शीर्षकगीताबद्दल तुमचं बरोबर होतं आणि मी तेव्हा उगाच तावातावाने बोललो. पावणेदहा मिनिटं! "भजनात आवर्तन असतं, हितं नुसता फेरा हाय," असं तुम्ही म्हणाला होतात. गिटारिस्ट कर्क हॅमेटने नंतर कबूल केलंय की स्टेजवर हे वाजवताना आठव्या-नवव्या मिनिटाला पहिल्या रांगेतले लोक जांभया देताना दिसायचे. त्या दौऱ्यानंतर बँडने ते बरीच वर्षं बाजूला ठेवलं, आणि १९९१ च्या पुढच्या अल्बमवर गाणी आटोपशीर झाली. बेस तर असा वाढला की वाटी ओसंडावी. मधली दोन-तीन गाणी मी आजही पुढे ढकलतो. कोणती ते लिहीत नाही, लोक घरी येतील.

ग्रॅमीचा किस्सा तुम्हाला सगळ्यात आवडला होता. १९८९ साली हार्ड रॉक आणि मेटलचं पारितोषिक पहिल्यांदाच दिलं गेलं, सगळ्यांना वाटलं मेटॅलिका, आणि ते गेलं जेथ्रो टलला, ज्यांचा म्होरक्या बासरी वाजवतो. तुम्ही इतके हसलात की चहा सांडला. "बासरीवाला? आन् ह्ये एवढे केस वाढवून बसले व्हते?" पुढच्या वर्षी 'वन'ला पारितोषिक मिळालं हे सांगायचं तेव्हा राहूनच गेलं, कारण तुम्ही हे बासरीवाल्या मित्राला सांगायला उठून गेला होतात.

एका गोष्टीवर मात्र मी तुमच्याशी अजून सहमत नाही. तुम्ही म्हणाला होतात, परत मिक्स करून टाकावं की, टेपा असतील ना. चाहत्यांनी ते केलंय. बेस वाढवलेल्या आवृत्त्या फिरत असतात आणि ऐकल्यावर पहिली दहा मिनिटं फार समाधान वाटतं. पण २०१८ मध्ये बँडने हा अल्बम नव्याने काढला तेव्हा आवाज फक्त साफसूफ केला, बेस तिथेच ठेवला. मला ते पटतं. पंगत उठून गेल्यावर वरण वाढायला धावण्यात काय अर्थ? चूक तशीच राहिली म्हणून तर माझ्यासारख्याला ती सापडली. तुम्ही यावर मान हलवाल हे मला माहीत आहे.

३० ऑक्टोबर २०११ ला बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंडवर मी त्यांना प्रत्यक्ष ऐकलं. 'वन' सुरू झालं. बेसवर तेव्हा रॉबर्ट ट्रुहियो होता. त्या मशीनगनच्या ठोक्यांखाली बेस असा आला की शर्टाची बटणं हलली. आजूबाजूचे सगळे गिटारिस्टकडे बघत होते. मी साउंडवाल्यांच्या तंबूकडे बघत होतो. तिथे एक टक्कल पडलेला माणूस शांतपणे फेडरवर बोट ठेवून उभा होता, तुम्ही उभे राहता तसाच, जणू चुलीवर दूध आहे.

तेव्हाच हे पत्र लिहायला हवं होतं. फुकट दिलेले तीन रविवार, दोन चहा (एक सांडलेला), आणि एका उद्धट पोराला हाकलून न दिल्याबद्दल मनापासून आभार. मी अजून वाजवतो. हौशी बँड आहे, महिन्यातून एकदा जमतो, आणि मी ऐकू येतो.

तुम्ही त्या दिवशी घरी सरावाला म्हणून दिलेली निळी केबल माझ्याकडेच राहिलीय. तुम्ही शोधली असणार आणि कुणाला तरी शिव्याही दिल्या असणार. दिवाळीत येतोय तेव्हा आणून देतो. कोपरावर गुंडाळलेली नाही.

काकूंना नमस्कार.

आपला,
गिटारच्या पोटातला