चोपडा-यावल रस्त्यावरच्या भाऊमंडळींना

रविवारी आमची जुनी फोर-बाय-फोर जीप चाळीसच्या वर जाताच स्टिअरिंग थरथरून हातात मावेना. मागून येणाऱ्या केळीच्या ट्रकवाल्या दादांनी हात दाखवून थांबवलं, जॅक लावून चाक वर-खाली हलवलं आणि म्हणाले, "भाऊ, किंगपिन गेली." म्हणजे पुढचं चाक जिच्यावर वळतं ती खीळ.

त्यांनीच गाठून दिलेल्या मिस्तरींनी नकल, म्हणजे चाकाला धरून वळणारा सांधा, उघडली. बेरिंग तर गेलंच होतं, पण त्याची बसायची जागाही झिजून लंबगोल झालेली. नवं बेरिंग घालून भागणार नव्हतं. (मी वर्षभर टायर बॅलन्सिंगवर पैसे घालत होतो, तो भाग वेगळा.) शेजारच्या आबांनी भंगारातल्या जीपची धड नकल काढून दिली, पैसे मात्र घेतले नाहीत.

खरी कमाल पुढे. टाय रॉड (दोन्ही चाकं जोडणारा दांडा) सोडून मिस्तरींनी भाजीवाल्या अक्कांचा ताणकाटा नकलच्या आर्मला अडकवला. नकल वळायला किती जोर लागतो ते ओढून बघायचे, एक पातळ शिम (पत्र्याची चकती) काढायचे, पुन्हा ओढायचे. असं चारदा केलं, तेव्हा कुठे मान हलवली. नट सुटू नये म्हणून कासल नटात (खाचांच्या नटात) नवीन स्प्लिट पिनही आठवणीनं घातली.

अक्का, काटा तीन तास अडकला, त्यात तुमची वांगी अंदाजानं विकली गेली. नावं विचारायची राहिली. सगळ्यांचे मनापासून आभार.