मनोरा जुन्या गोव्यात, घंटा पणजीत

प्रति,
माननीय पर्यटन मंत्री, गोवा राज्य

सप्रेम नमस्कार.

मी सावंतवाडीचा. घरी पाहुणे आले की गोव्याची एक फेरी ठरलेली आणि त्यात जुन्या गोव्यातला सेंट ऑगस्टीनचा मनोरा. गेल्या खेपेला आत्या मान वर करून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "अरे, एवढा घंटेचा मनोरा, मग घंटा कुठाय?"

घंटा पणजीत आहे. नागमोडी पायऱ्यांच्या ज्या पांढऱ्या चर्चसमोर सगळे फोटो काढतात, त्याच्या माथ्यावर. ऑगस्टिनियन साधूंचं मूळ चर्च १६०२ मध्ये पुरं झालं. १८३५ मध्ये पोर्तुगीज राजवटीने धर्मसंघांना घालवलं, मठ ओस पडला, १८४२ मध्ये चर्चचं छत कोसळलं. घंटा तेवढी वाचली. आधी ती आग्वादच्या दीपगृहावर होती, १८७१ मध्ये पणजीत आली. से कॅथेड्रलच्या सोनघंटेनंतर गोव्यात हीच मोठी म्हणतात. मनोरा मात्र १९३१ मध्ये निम्मा ढासळला. मूळचा ४६ मीटर उंच. आता उभा चिरल्यासारखा दिसतो, आतले जांभ्याचे चिरे उघडे.

घंटा परत वर चढवा, असं मी म्हणत नाही. तो अर्धा मनोरा तिचं वजन कसा पेलणार? (लेझर शो तर नकोच.) मनोऱ्यापाशी एक फलक हवा, घंटा कुठे गेली ते सांगणारा, पणजीत पायऱ्यांपाशी दुसरा, ती कुठून आली ते सांगणारा. कोकणीत, मराठीत, इंग्रजीत. पुरातत्त्व खातं आणि चर्च, दोघांनाही विचारावं लागेल. तुमच्या खात्याने पत्र लिहिलं तर काम लवकर होईल. याच अवशेषांत जॉर्जियाच्या केतेवान राणीच्या अस्थी सापडल्या, हैदराबादला डीएनए तपासणी झाली आणि २०२१ मध्ये त्या जॉर्जियाला दिल्या. एवढं जमलं, तर दोन फलक काय मोठे?

जमल्यास एक बसही सोडा, रायबंदरवरून मांडवीच्या कडेकडेने. अंतर दहाएक किलोमीटर. घंटा वाजायची वेळ चर्चला विचारून त्या बेताने.

आत्याला त्याच संध्याकाळी पणजीला नेलं होतं. गाडी लावायला जागा मिळेना, घंटा ऐकायची राहिलीच. वेळ कळवलीत तर तिला पुन्हा घेऊन येतो.

आपला,
सावंतवाडीचा एक शेजारी