बावट्यावर फुली कशाला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी हर्णै बंदराजवळ राहते. घरात दोन बोटी आहेत त्यामुळे हवामानाचे मेसेज हा आमच्याकडे रोजचाच विषय. पण सध्या मोबाईल ॲपवर ते मेसेज ज्या पद्धतीने दाखवतात त्याबद्दल लिहायचंय, ॲप कुठलं ते महत्त्वाचं नाही, बऱ्याच ॲपमध्ये हेच आहे.

इशारा आला की कोपऱ्यात एक बारीक राखाडी फुली असते. मेसेज बाजूला करायचा तर ती दाबायची. माझे दादा तीस वर्षं तांडेल म्हणजे बोट चालवणारे प्रमुख आहेत, त्यांच्या फोनवर मागच्या सीझनला जुना इशारा दोन दिवस तसाच पडून होता आणि नवीन आलेला त्याच्या खाली दबून गेलेला. मी म्हटलं दादा, ती फुली दाबा ना, तर म्हणाले "फुली कशी मारू, बातमी खोटी आहे असं जाईल ना तिकडे." त्यांचं काय चुकलं? शाळेत उत्तर चुकलं की गुरुजी फुली मारायचे, यादीतलं नाव काढायचं तर त्यावर फुली मारतात. कॉम्प्युटरवाल्यांना फुली म्हणजे 'बंद करा' कारण विंडोज ९५ पासून म्हणजे १९९५ पासून ती खिडकीच्या उजव्या कोपऱ्यात बघतायत, पण दादांनी कॉम्प्युटर कधी हातात घेतलाच नाही, थेट मोबाईलच घेतला. आणि आमच्याच बोटीवरच्या एका पोराने तीच फुली बिनधास्त दाबली तर त्याला त्या प्रकारचे इशारे पुढे यायचेच बंद झाले! म्हणजे एकाच चिन्हाचे तीन अर्थ, आत्ता बाजूला कर, कायमचं बंद कर, किंवा हे चूक आहे. कुठला खरा ते दाबल्यावरच कळतं.

बंदरावर तीन नंबरचा बावटा, म्हणजे वादळी हवेच्या धोक्याची खूण, लागला की तो सगळ्यांना दिसतो. दिवसा आकार टांगतात, रात्री तांबडे-पांढरे दिवे. तो बघून कोणी घरी जातो, कोणी जाळी आवरतो, पण बावटा कोणाला उतरवता येत नाही, तो उतरवायचा बंदरखात्याने, धोका टळल्यावर. मोबाईलवर पण असंच पाहिजे. मी मेसेज वाचला एवढं सांगायची सोय द्या, पण इशारा संपेपर्यंत वर एक बारीक पट्टी धोक्याच्या त्रिकोणासकट राहू दे. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ आम्ही दापोलीकरांनी अंगावर घेतलंय, असा इशारा एका बोटाने पुसला जाऊ नये हे आम्हाला वेगळं सांगायला लागत नाही.

फुलीच्या जागी बरोबरची खूण टाकली तरी भागणार नाही, कारण इशाऱ्याच्या बाजूला बरोबरची खूण दिसली की माणूस समजेल समुद्र ठीक आहे, जायला हरकत नाही. 'ओके'चं पण तेच. म्हणून चित्राखाली शब्द हवाच, "वाचलं" असा साधा मराठी शब्द. आवाज बंद करायचा तर तिरकी रेघ मारलेली घंटा चालेल, ती आता सगळ्यांना माहितीय, पण किती वेळासाठी बंद ते तिथेच लिहा. आणि पिवळा, नारिंगी, लाल एवढ्यावर अवलंबून राहू नका, भर उन्हात बोटीवर स्क्रीनवरचा पिवळा आणि नारिंगी सारखाच दिसतो. बटण मोठं करा, अँड्रॉइडच्या स्वतःच्या नियमात साधारण ९ मिलिमीटर सांगितलंय, खाऱ्या पाण्याने ओल्या झालेल्या बोटाला त्याहून लहान काही लागतच नाही.

ॲप बनवणाऱ्यांना माझी मनापासून विनंती आहे, १ ऑगस्टला मासेमारी सुरू झाली की एकदा संध्याकाळी लिलावाच्या वेळी हर्णैला या. चार-पाच चिन्हं कागदावर मोठी छापून आणा आणि तांडेल-खलाशांना एवढंच विचारा, "हे दाबलं तर काय होईल?" काय सांगतात ते लिहून घ्या. कोणाला बोलवायचं ते मी बघते, चहाही आमच्याकडेच.

आपली,
एक वाचक, हर्णै, ता. दापोली