मोबाइलवर रेघा ओढून कोणाला 'फेकी' ठरवू नका

संपादक महोदय,

शालेय आणि क्लब क्रिकेटमध्ये एक वाईट पायंडा पडत चालला आहे. एखाद्या मुलाच्या गोलंदाजीबद्दल शंका आली की कोणीतरी सीमारेषेवरून मोबाइलवर चित्रण करतो, अ‍ॅपमध्ये खांदा ते कोपर आणि कोपर ते मनगट अशा दोन रेघा ओढतो आणि 'बावीस अंश, फेकतोय' हा निकाल संध्याकाळपर्यंत पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरू लागतो. बारा-तेरा वर्षांच्या पोरावर बसलेला हा शिक्का सहजी पुसला जात नाही. म्हणून हे मोजमाप नेमके कुठे चुकते ते सांगायला हवे.

मुळात कोपर वाकलेले असणे हा गुन्हाच नाही. हात खांद्याच्या पातळीला आल्यापासून चेंडू सुटेपर्यंत कोपर सरळ होता कामा नये, झाले तर ती अवैध 'फेक', एवढेच नियम सांगतो. आयसीसीने २००५ मध्ये सर्वांसाठी ठरवलेली १५ अंशांची मर्यादाही या सरळ होण्याच्या फरकाची आहे. हात ३० अंशांत वाकलेला असेल आणि शेवटपर्यंत ३० अंशांतच राहिला, तर चेंडू वैध. सांधे सैल असलेल्यांचे कोपर सरळ रेषेच्याही पलीकडे जाते; ते या १५ अंशांत धरत नाहीत.

आता एक जाड तार घ्या आणि मधोमध २० अंशांत वाकवा. मागून टॉर्च लावून तिची सावली भिंतीवर पाडा. तारेचा एक भाग भिंतीला समांतर धरून तो चिमटीत नुसता पिळा. सावली आधी वाकलेली दिसेल, मग हळूहळू सरळ होईल, मग उलट्या बाजूला वाकेल. तारेचा कोन मात्र एका अंशानेही बदललेला नसतो. गोलंदाजाचा हात खांद्यातून वर येताना स्वतःच्या लांबीभोवतीही असाच फिरतो आणि मोबाइलच्या पडद्यावर आपण पाहतो ती त्याची सावलीच. श्रीलंकेचा फिरकी गोलंदाज मुथय्या मुरलीधरन याचे कोपर जन्मतः पूर्ण सरळ होत नव्हते. १९९५ मध्ये मेलबर्न कसोटीत त्याला नो-बॉल दिले गेले, त्यानंतरही वर्षानुवर्षे वाद चालला, त्याच्या मुळाशी डोळ्यांना होणारा हा भास मोठ्या प्रमाणात होता.

दुसरी अडचण वेळेची. हात आडवा असल्यापासून चेंडू सुटेपर्यंत जेमतेम सेकंदाचा दहावा भाग जातो, बऱ्याचदा त्याहूनही कमी. सेकंदाला ३० चित्रे घेणाऱ्या कॅमेऱ्याला त्यात तीनच चित्रे मिळतात. शिवाय ताशी १०० किलोमीटरने सुटणारा चेंडू एक साठांश सेकंदात ४६ सेंटिमीटर पुढे जातो, म्हणजे शटर तेवढा वेळ उघडा राहिला तर हात पुसटच येणार. त्या पुसट पट्ट्यात मनगट नेमके कुठे, हे रेघ ओढणारा अंदाजानेच ठरवतो. त्यातून पूर्ण बाहीचा सैल शर्ट असला तर कोपरही अंदाजानेच.

खरे मोजमाप प्रयोगशाळेत होते. चेन्नईच्या श्री रामचंद्र संस्थेतील केंद्राला आयसीसीची मान्यता मिळालेली आहे. अशा ठिकाणी खांदा, कोपर आणि मनगटावर परावर्तक खुणा चिकटवतात, अनेक कॅमेरे एकाच वेळी त्या टिपतात आणि कोन तिन्ही मितींत काढला जातो. तिथेही हाडावरची त्वचा सरकते, त्यामुळे खुणा कुठे लावायच्या याला फार महत्त्व असते.

मग मोबाइल टाकून द्यावा का? मुळीच नाही. निरीक्षणासाठी तो उत्तम आहे. स्टँडवर कमरेच्या उंचीला ठेवा, एकदा खेळपट्टीला काटकोनात आणि एकदा अगदी समोरून. १२ ते १५ मीटर दूर जाऊन झूम करा, सेकंदाला २४० चित्रे आणि शटर एक हजारांश सेकंद. भर उन्हात चित्रण करा, सावलीत शटर आपोआप लांबतो. किमान सहा चेंडू टिपा आणि थकल्यावरचे षटकही, कारण दोष बहुधा तिथेच उघडा पडतो. मागचा पाय टेकताना कंबर फलंदाजाकडे पण खांदे बाजूला वळलेले आहेत का, पुढे खांदे आणखी मागे वळतात का, हे आधी पाहा. हा पीळ कंबरेच्या मणक्यांवर येतो आणि वाढत्या वयातल्या वेगवान गोलंदाजांच्या मणक्याला ताणामुळे तडे जाण्यामागे तो एक ठळक कारण मानला जातो. कोपराच्या वादात नेमके हेच कोणी पाहत नाही! त्यानंतर पुढचा गुडघा कोसळतो का, डोके बाजूला कलंडते का ते पाहा. एका वेळी एकच दुरुस्ती सांगा.

आकडे हवेतच तर मोबाइलला जमतील असे घ्या. मागचा पाय टेकल्यापासून पुढचा टेकेपर्यंत सेकंदाला २४० च्या वेगाने ४० चित्रे गेली, तर तो वेळ ०.१७ सेकंद. शेवटच्या ढांगेची लांबी जमिनीवरच्या खुणांवरून टेपने मोजता येते. हे आकडे त्या मुलाच्या आधीच्या आकड्यांशीच ताडून पाहावेत.

स्पर्धा संयोजकांना विनंती आहे की नियमावलीत एवढे घालावे: मोबाइल चित्रणावरून काढलेला अंशांचा आकडा ग्राह्य धरला जाणार नाही. पंचांना शंका असल्यास त्यांनी लेखी अहवाल द्यावा आणि बाही खांद्यापर्यंत दुमडून, समोरून व बाजूने केलेले चित्रण फक्त त्या मुलाच्या प्रशिक्षकाकडे आणि पालकांकडे जावे.

– क्रीडा जैवयांत्रिकीचे अध्यापक, पुणे